औषधी रांगेतले पाचवे झाड

नोव्हेंबर २००१, नरकचतुर्दशी, सकाळी सव्वासात. ठाण्यात हजर: ठाणे अंमलदार एक, हवालदार एक, महिला कॉन्स्टेबल एक, वायरलेसवर एक आणि मी, सहायक पोलीस निरीक्षक. बाकीचे सणाच्या बंदोबस्तावर, दोघे रजेवर.

ही नोंद मला स्टेशन डायरी न उघडता सांगता येते. नोकरीत खुनाचे गुन्हे पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता पुसट झाले. ही सकाळ पुसट झाली नाही. या प्रकरणात कोणाला शिक्षा झाली नाही आणि वर्तमानपत्रात त्यावर चार ओळींपेक्षा जास्त आले नाही. नावे मी देत नाही. त्यांतली बरीच माणसे अजून रत्नागिरीतच राहतात आणि बाजारात भेटतात.

हवालदारांनी घरून डब्यात गूळपोहे आणले होते. ते राजापूर तालुक्यातले, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. अक्षर इतके सुंदर, की महत्त्वाचा जबाब असला की त्याची साफ प्रत त्यांनीच करायची असा ठाण्याचा शिरस्ता होता. मी सोलापूरकडचा. बदली होऊन आठ महिने झाले होते.

"पोहे खा साहेब. माझं तोंड अजून कडू आहे," ते म्हणाले.

"कशानं?"

"सातविणीनं. पहाटे आंघोळ, मग पायाखाली कारीट फोडायचं आणि सातविणीच्या सालीचा रस प्यायचा. वर्षभर ताप येत नाही म्हणतात. तुम्ही देशावरची माणसं उटणं लावून लगेच लाडू खायला बसता. आमच्याकडं आधी शिक्षा, मग फराळ."

सगळे हसले. तेवढ्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकीतून फोन आला. एक वृद्ध गृहस्थ, वय अडुसष्ट, विषबाधेचा संशय. पहाटे घरी काहीतरी कडू रस प्यायले, अर्ध्या तासात अंगाला झटके सुरू झाले. शेवटी चौकीतला शिपाई आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, त्यांची मुलगी इथं बसलीय. म्हणते, भावजयीनं विष घातलं. लवकर या, लोक जमायला लागलेत."

रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हाला दारातच थांबवले आणि बूट काढायला सांगितले. खोलीच्या खिडक्यांवर चादरी टांगल्या होत्या. जराही आवाज झाला की म्हाताऱ्याचे अंग धनुष्यासारखे ताठ होत होते. माणूस पूर्ण शुद्धीवर होता, पण जबडा आवळलेला. डोळे तेवढे आमच्याकडे वळले. मी आणि महिला कॉन्स्टेबल पायमोज्यांनी आत जाऊन तसेच बाहेर आलो.

"कुत्री मारायला वापरतात ना, त्या जातीचं विष वाटतंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आजचा दिवस निघाला तर वाचतील. जबाब वगैरे विसरा."

म्हाताऱ्यांची मुलगी व्हरांड्यात बाकावर बसली होती. चाळिशीची, शहरातच दिलेली. सणाच्या आंघोळीला मुलांना घेऊन माहेरी आली होती. तिने सांगितले ते असे: भाऊ जहाजावर नोकरीला, ऑगस्टमध्ये गेला. घरी वडील आणि भावजय दोघेच. भावजय कराडकडची, लग्नाला चार वर्षे झालेली.

"साल तिनेच आणलीन, तिनेच वाटलीन आणि तिनेच बाबांच्या हातात वाटी दिलीन," ती बोटे मोडत म्हणाली. "मी जिभेला लावून थुंकले. पोरांनी तोंड फिरवलंनी. आणि हिने? हिने थेंब घेतलान नाय. मी म्हटलं, तू पण घे गो. तर म्हणते, नको. का नको? विचारा तिला तुम्ही."

"भांडण होतं काही?"

"नवरात्रात झालं. हिला कराडला शाळेत नोकरी मिळत होती. बाबा म्हणाले, नवरा नसताना घर सोडून जायचं नाय. तर अंगणात उभं राहून म्हणाली, जाईन तर कायमची जाईन. अख्ख्या आळीनं ऐकलंय."

मी वहीत तीन मुद्दे लिहिले. एक, वस्तू हिने आणली. दोन, स्वतः प्यायली नाही. तीन, भांडणाला साक्षीदार. मला याद्या करायची सवय आहे आणि यादी पूर्ण झाली की मला बरे वाटते. त्या वेळीही बरे वाटले.

तिथून घरी गेलो. दोन पंच घेऊन पंचनामा केला. तुळशीपाशी फुटलेली कारिटे, पाट्यावर हिरवट चोथा, तळाशी थोडा रस राहिलेली वाटी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सालीचे चार तुकडे. सगळे ताब्यात घेतले, पुडीवर लाख ओतून सील केले, पंचांच्या सह्या घेतल्या. सील करण्याची घाई झाली हे मला नंतर कळले. ते चार तुकडे ठाण्यात टेबलावर उघडे राहिले असते आणि हवालदारांच्या नजरेस पडले असते, तर पुढचे चार-पाच तास वाचले असते. पण मुद्देमाल आधी सील करायचा हा नियम आणि मी नियमाचा माणूस.

सून घरातच होती. तिने मागच्या दाराने पळून जायचा विचारही केलेला दिसत नव्हता. न्हाणीघरातला बंब अजून गरम होता, पाच ताटे मांडलेली तशीच होती. आम्ही तिला ठाण्यात आणले. दिवस होता, महिला कॉन्स्टेबल बरोबर होती, कागदोपत्री सगळे व्यवस्थित. आळीतली माणसे दारात उभी राहून बघत होती. ती जीपमध्ये चढताना एका बाईने आपल्या मुलाला घरात ओढून घेतले.

तिचा जबाब मी घेतला.

"साल कुठून आणलीत?"

"बागेतनं. प्राणी आहेत त्या बागेतनं. काल संध्याकाळी."

"दरवर्षी कोण आणायचं?"

"दरवर्षी मामंजीच आणायचे. यंदा त्यांचे गुडघे धरलेत. म्हणाले, यंदा राहू दे. सकाळपासून गप्प गप्प होते. मला वाईट वाटलं. म्हटलं, मी आणते."

"झाड ओळखता येतं तुम्हाला?"

"पाटी होती की."

हे वाक्य मी लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. ते वाक्य तिथेच थांबण्यासारखे होते. पण माझ्या यादीत झाड नव्हते, माझ्या यादीत दुसरा मुद्दा होता.

"तुम्ही स्वतः का प्यायला नाहीत?"

ती गप्प बसली. मी तीनदा विचारले. एकदा समजुतीने, एकदा विष पाजण्याचे कलम ३२८ म्हणजे काय ते सांगून आणि एकदा नुसता टेबलावर पेन आपटून. ती खाली बघत राहिली. आरोपी कोणत्या प्रश्नाला गप्प बसतो ते बघावे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. मी बघितले आणि माझी खात्री झाली. अटकेचा पंचनामा करायला सांगून मी चहा मागवला.

तेवढ्यात महिला कॉन्स्टेबल तिला तोंड धुवायला मागे घेऊन गेली. ही कॉन्स्टेबल गुहागरकडची, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. दहा मिनिटांनी एकटीच परत आली.

"साहेब, ती पोटुशी आहे. तिसरा महिना चालू आहे. मागचं एक गेलंय तिचं. म्हणून कडू काही पोटात घ्यायला भ्यायली."

"मग मला सांगायला काय झालं?"

"तुम्हाला? तुम्ही पेन आपटता. आणि नणंदेच्या कानावर गेलं की गावभर होतं, असं म्हणते. नवऱ्याला आधी कळवायचंय तिला. जहाजावर पत्र टाकलंन आहे, उत्तर यायचंय."

माझा दुसरा मुद्दा गेला. तरी दोन राहिले होते आणि सिव्हिलमध्ये म्हाताऱ्याचे झटके थांबत नव्हते. तो गेला असता तर कलम ३०२ लागले असते. आम्ही आणून बसवलेली बाई तीन महिन्यांची गरोदर. त्या अवस्थेत ती कोठडीत जाणार की घरी, हे संध्याकाळपर्यंत मला ठरवायचे होते.

साफ प्रत करायला जबाब हवालदारांकडे गेला होता. ते लिहिताना ओठ हलवून वाचत. एका जागी त्यांचे ओठ थांबले.

"साहेब, ही म्हणते, ‘साल सुटता सुटेना, कोरडी होती, म्हणून विळ्याने खरवडली.’ असंच म्हणाली?"

"तसंच लिहिलंय ना."

त्यांनी पेन खाली ठेवले, उठून तिच्यासमोर गेले. "वहिनी, साल काढलीत तेव्हा हाताला दूध लागलं?"

"कसलं दूध?"

"पांढरा चीक. बोटं चिकट झाली?"

"नाही. आतनं पिवळट होतं. हात कोरडेच होते की."

हवालदार माझ्याकडे वळले. आठ महिन्यांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "सातविणीला कोयता लावला की दूध गळतं, साहेब. लहान पोराला ठाऊक असतं. हिने आणलंय ते दुसरंच काहीतरी आहे. आणि ते झाड अजून तिथंच उभं आहे, पाटी लावून."

आम्ही जीप काढली. सुनेलाही बरोबर घेतले. झाड तिनेच दाखवायचे होते.

बागेची हकीकत इथे सांगणे भाग आहे, कारण उलगडा तिच्यातच होता. शहराच्या वरच्या अंगाला कातळावर ही बाग आहे. इंग्रजी अमदानीत झाडांचा नाद असलेल्या कोणा अधिकाऱ्याने सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, बंदरावरून गाड्या भरून माती आणली आणि देशोदेशीची झाडे लावून पाहिली. कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात काय तगते आणि काय नाही हे शोधायची ती जागा होती. फळझाडांची रांग, इमारती लाकडाची रांग, औषधी झाडांची रांग. बंदराकडच्या बाजूला फाटक होते. वैद्य यायचे, शाळामास्तर मुलांना घेऊन यायचे.

पुढे बाग नगरपालिकेकडे आली आणि कोणीतरी हरणांची जोडी भेट दिली. हरणांना कुंपण आले. मग खाडीत सापडलेली मगर, मोर, साळिंदर आणि विहिरीत पडून पाय मोडलेला एक बिबट्या. लोक झाडे बघायला येईनात, बिबट्या बघायला येऊ लागले. कोर्टाच्या तारखेला गावाकडून आलेली माणसे वकील भेटेपर्यंत तिथे पाय टाकून येत. एसटी स्टँडकडून येणाऱ्यांना सोयीचे म्हणून पिंजऱ्यांच्या बाजूला नवे फाटक झाले आणि बंदराकडचे जुने फाटक चिऱ्यांनी बुजवले. बागेच्या चार माळ्यांपैकी तीन हळूहळू पिंजऱ्यांकडे वळवले गेले. प्राण्यांची रोज नोंद व्हायची, त्यांना क्रमांक होते, खाण्याचे कोष्टक होते. झाडांची एक जुनी वही कपाटात होती.

त्या महिन्यात वरच्या कार्यालयाचे पथक तपासणीला यायचे होते. प्राणिसंग्रहालय चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय त्यावर अवलंबून होता. म्हणून सगळीकडे रंगरंगोटी चालली होती. औषधी रांगेला नव्या कोऱ्या पत्र्याच्या पाट्या लागल्या होत्या. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरे, झाडाचे नाव आणि खाली एक ओळ उपयोग.

सुनेने न चुकता झाड दाखवले. नव्या फाटकापासून पाचवे. पाटीवर स्पष्ट लिहिले होते: सातवीण, साल ज्वरनाशक. बुंध्यावर विळ्याचे ताजे ओरखडे होते.

हवालदारांनी वर बघितले, पान तोडले, आणि पान हातातून टाकून दिले. "हा काजरा आहे, म्हणजे कुचला," ते म्हणाले. "याच्या बियांनी माणूस मरतो. सालही तसलीच."

तिने पाटीकडे बघितले, मग झाडाकडे. मग तिथेच खाली बसली. महिला कॉन्स्टेबलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी पाटीवरची अक्षरे वहीत उतरवून घेतली. खरे तर त्या क्षणी मी तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते.

माळीबुवांना बिबट्याच्या पिंजऱ्यापासून बोलावून घेतले. साठीला आलेले, हातात पाण्याची बादली.

"दरवर्षी आदल्या सांजेला मीच फाटकावर बसतंय साल काढून देयाला," ते म्हणाले. "यंदा म्हणाले, मगरीची टाकी घासा, पथक येणार हाय. ग्येलो. झाडां काय, उभीच असतात."

"या पाट्या चुकीच्या आहेत हे तुम्हाला दिसलं नाही?"

"माला वाचता येत नाय, सायब. सही करतंय फक्त. माला झाडां वलखता येतात, त्यांच्या गळ्यात काय बांधलानी ता कशाला बघू?"

आम्ही रांग चालत गेलो. माळीबुवा खरे नाव सांगत, मी पाटी वाचत असे. रिठ्याच्या पाटीखाली एक कुटुंब भेळ खात बसले होते; ते झाड आवळ्याचे होते. एकूण चोवीस झाडे, एकही पाटी बरोबर नाही. खरी सातवीण नव्या फाटकापासून विसावी निघाली. तिच्यावर पाटी होती: काजरा, विषारी, हात लावू नये.

मी वहीत दोन उभे रकाने केले. पाचव्याचे नाव विसाव्यावर, विसाव्याचे पाचव्यावर. पहिल्याचे चोविसाव्यावर. तेव्हा लक्षात आले. नावे सगळी बरोबर होती, झाडेही सगळी जागेवर होती. रांग उलटी मोजली गेली होती.

नगरपालिकेच्या लिपिकाला सणाच्या दिवशी घरून बोलवावे लागले. त्याने कपाटातली वही आणली. "वहीत जशी नावं आहेत तशी पेंटरला लिहून दिली, एक ते चोवीस," तो म्हणाला. वहीतली यादी पहिल्या अधिकाऱ्याच्या काळापासून चालत आलेली. पेंटर तिशीचा, बिचारा घरी रांगोळीत रंग भरत होता, बोटे गुलाबी घेऊनच आला.

"मला म्हणाले, एकपासून लाव," तो म्हणाला. "मी गेटापासून लावत गेलो."

"कुठल्या गेटापासून?"

"कुठल्या म्हणजे? गेट एकच आहे ना, साहेब?"

माळीबुवांनी बादली खाली ठेवली आणि बंदराकडच्या भिंतीकडे बोट केले. चिऱ्यांचा रंग तिथे थोडा वेगळा होता. वहीतला पहिला क्रमांक तिथून मोजलेला होता. पेंटर भिंतीजवळ जाऊन गुलाबी बोटांनी चिऱ्यांचे सांधे चाचपू लागला. तो जन्मला त्याच्या आधीच ते फाटक बंद झाले होते.

पुढची कामे मी पटापट उरकली. पाचव्या झाडाला शिपाई उभा केला. डॉक्टरांना विषाचे नाव कळवले. रिक्षावर भोंगा लावून शहरभर सांगितले, की बागेतून कोणी साल आणली असेल तर पिऊ नये, प्यायली असेल तर सिव्हिलला यावे. एकच घर पुढे आले. त्यांच्या जावयानेही त्याच झाडाची साल नेली होती, पण त्या घरच्या आजीबाईंनी पुडी उघडून हुंगली आणि उकिरड्यावर फेकली. जावयाला काय म्हणाल्या ते त्याने आम्हाला सांगितले. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

संध्याकाळी रुग्णालयात मी नणंदेला सगळे सांगितले. ती पदराने चेहरा पुसत राहिली.

"आता तोंड कसं दाखवू तिला?"

"तोंड राहू दे, ताई," हवालदार म्हणाले. "सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. चहा घेऊन जा."

ती गेली. दोघी व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसल्या. काय बोलल्या ते ऐकू आले नाही. मात्र थोड्या वेळाने नणंद धावतच आमच्याकडे आली आणि विचारू लागली, "हॉस्पिटलात गरोदर बाईला तपासणारी डॉक्टर आज असेल का हो?" महिला कॉन्स्टेबलने माझ्याकडे बघून भुवई उडवली. गावभर व्हायला सुरुवात झाली होती.

म्हातारा वाचला. चौथ्या दिवशी जबडा सैल झाला तेव्हा मी जबाब घ्यायला गेलो. विचारले, "वेगळं लागलं नाही तुम्हाला?"

"कडू लागला. पण दरवर्षी लागतोच," ते म्हणाले. "यंदा जास्तच लागला. म्हटलं, पोरीनं साल चांगली निवडलीन. अख्खी वाटी प्यायलो. तिला वाईट वाटू नये म्हणून."

सुनेविरुद्धची फिर्याद ‘क’ समरीत निकाली निघाली, म्हणजे समजुतीच्या चुकीतून आलेली, ना खरी ना खोटी. पाट्यांबद्दल निष्काळजीपणाचा अहवाल मी वेगळा पाठवला. त्यात दोष कोणाचा लिहायचा यावर दोन संध्याकाळी घालवल्या. लिपिकाने वही पाहून लिहिले, पेंटरने सांगितल्याप्रमाणे लावले, माळ्याला तिथून हलवले होते, बाईने लिहिलेले वाचले. प्रत्येकाने आपले काम नीट केले होते.

माझेही तसेच झाले होते. माझ्या वहीतले तीनही मुद्दे खरे होते. साल तिनेच आणली होती, ती प्यायली नव्हती, भांडणही झाले होते. मी मोजायला सुरुवात नणंदेपासून केली, म्हणून ते सगळे एका बाईकडे बोट दाखवत गेले. हवालदारांनी सुरुवात सालीपासून केली. त्यानंतरच्या नोकरीत कोणतीही यादी पूर्ण झाली की मी स्वतःला विचारत असे, की पहिला मुद्दा मला कोणी दिला. तपासात याचा उपयोग नेहमी झाला असे नाही, पण दोन-तीन माणसे त्यामुळे घरी गेली.

दुसरी गोष्ट बागेने शिकवली. ज्यांना झाडे कळत होती ते वाचत नव्हते आणि जे वाचत होते त्यांना झाडे कळत नव्हती. दोघांच्या मध्ये एक माणूस असायचा, आदल्या सांजेला फाटकावर बसणारा. त्याला मगरीच्या टाकीवर पाठवला तेव्हा कोणाला काही कमी झाल्यासारखे वाटले नाही.

नगरपालिकेने त्या आठवड्यातच सगळ्या पाट्या काढून टाकल्या. पाटीच नाही तर चूक नाही, असा सरळ हिशेब. तपासणीचे पथक येऊन गेले. पिंजरे लहान, जागा अपुरी असा शेरा मिळाला आणि पुढच्या दोन वर्षांत प्राणी एकेक करून दुसरीकडे हलवले. बिबट्याचा ट्रक निघाला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. झाडे राहिली.

मी २००६ साली निवृत्त झालो आणि रत्नागिरीतच घर केले. माळीबुवाही तोवर निवृत्त झाले होते. दर रविवारी सकाळी आम्ही दोघे बागेत जायचो. ते झाडाला थाप मारून नाव सांगायचे, मी लिहायचो. औषधी रांग पहिल्याच दिवशी झाली, मग फळझाडे, मग लाकडाची रांग. शेवटची, बुजवलेल्या फाटकाजवळची रांग दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर करायची ठरली होती. ते त्या पावसाळ्यात गेले. कॉलेजच्या एका शिक्षकांना घेऊन मी त्या रांगेतली सात नावे मिळवली. बाकीची झाडे फुलल्याशिवाय सांगता येणार नाहीत, असे ते म्हणाले. एकोणीस ओळींत क्रमांक आहे आणि पुढे जागा कोरी आहे.

ती सून मधूनमधून भेटते. कराडला गेली नाही, इथेच शाळेत लागली. मुलगी झाली, आता शाळेत जाते.

साल न्यायला लोक अजून येतात. गेल्या नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी बागेत होतो. एक तरुण कोयता घेऊन रांगेत इकडेतिकडे फिरत होता. त्याने मला विचारले, "काका, यातली सातवीण कुठली?" मी विसाव्या झाडापाशी नेले आणि कोयता लावायला सांगितले. दूध आले. त्याने रुमालाला बोटे पुसली आणि गेला. अंधार पडेपर्यंत मी थांबलो. आणखी तिघे आले.

दोन झाडांना दोन पाट्या लावाव्यात असा अर्ज मी नगरपालिकेत दिला आहे, रांगेचा नकाशा जोडून. सातवीण नव्या फाटकापासून विसावी, जुन्यापासून पाचवी, आणि काजरा त्याच्या उलट, असे त्यात दोन्ही बाजूंनी मोजून लिहिले आहे. त्यानंतर तीन स्मरणपत्रे दिली. चारही कागदांचे आवक क्रमांक माझ्या वहीत आहेत. पाट्या अजून लागायच्या आहेत.